परसातले चार फूट: एडीयूच्या नियमांची तुलना करताना

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी बाबांनी टेपचे एक टोक मागच्या कुंपणाच्या फळीवर दाबून धरले आणि दुसरे टोक घेऊन मी आमच्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत आले. अंतर बरोबर पस्तीस फूट भरले. त्यानंतर आम्ही दोघांनी चार खुंट्या ठोकल्या, त्यांना सुतळी बांधली, आणि आई त्या सुतळीच्या चौकोनात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून बसली. "इथे माझा ओटा असेल तर मला तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली पाहिजे," एवढेच ती म्हणाली. परसातल्या त्या चौकोनात घर बसवायचे, या एका कामासाठी गेले वर्षभर मी वेगवेगळ्या शहरांचे आणि राज्यांचे नियम वाचते आहे, आणि त्या वाचनातून जे समजले ते इथे सविस्तर लिहून ठेवण्याची इच्छा आहे.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये राहतो. घर १९६१ सालचे, एकमजली, १,२५० चौरस फुटांचे. प्लॉट साठ फूट रुंद आणि शंभर फूट खोल. आई-बाबा कराडहून गेल्या वर्षी ग्रीन कार्डावर कायमचे इकडे आले. बाबांचे वय ७६, आईचे ७१. तीन बेडरूमच्या घरात आम्ही चौघे आणि ते दोघे दाटीवाटीने राहू शकतो, राहतोही आहोत. पण आईची पहाट पाच वाजता सुरू होते आणि आमच्या मुलांचा दिवस रात्री अकराला संपतो. तिला स्वतःची शेगडी हवी आहे, स्वतःचे डबे हवे आहेत, आणि तरीही हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ राहायचे आहे. इथे ज्याला एडीयू म्हणतात, म्हणजे मूळ घराच्याच प्लॉटवर स्वतंत्र दार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले दुसरे छोटे घर, ते तिच्या या गरजेचे अगदी नेमके उत्तर आहे. माझी धाकटी बहीण सिॲटलमध्ये, दीर तलावापलीकडे बेलव्ह्यूमध्ये आणि मामेभाऊ बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहतो. या तिन्ही घरांत हाच विचार चालू असल्यामुळे आम्ही एकमेकांना आपापले नियम सांगू लागलो, आणि एकाच देशात एकाच गरजेला किती निरनिराळी उत्तरे मिळतात ते लक्षात येत गेले.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. एका प्लॉटवर एका कुटुंबाचे एकच घर, हा निर्बंध अमेरिकेत फार जुना नाही. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या बर्कलीने १९१६ साली असे क्षेत्र पहिल्यांदा आखले, असे मानले जाते. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्षेत्रविभागणीचा, म्हणजे गावाच्या कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवण्याचा, अधिकार वैध ठरवला आणि त्यानंतर हे नियम देशभर पसरले. त्यापूर्वी मागच्या अंगणातली छोटी घरे, गॅरेजवरच्या खोल्या, घरातच काढलेले वेगळे बिऱ्हाड या सर्वसामान्य गोष्टी होत्या. म्हणून आज जे चालले आहे त्याला मी नवी सवलत मानत नाही; काढून घेतलेली एक जुनी मुभा हळूहळू परत मिळते आहे, अशी माझी समजूत आहे, आणि ती किती परत मिळाली हे प्रत्येक ठिकाणच्या पोटनियमांवर अवलंबून आहे.

तुलना करायला बसल्यावर सगळ्यांची नजर आधी क्षेत्रफळाकडे जाते. माझीही गेली होती. कोणाकडे आठशे चौरस फूट, कोणाकडे नऊशे, कोणाकडे हजार. परंतु खरी मेख क्षेत्रफळात नसून, नियमात बसणारा अर्ज नाकारण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे किंवा शेजाऱ्यांकडे शिल्लक आहे की नाही, यात आहे. कॅलिफोर्नियाचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. इथे दुय्यम घरांविषयीचा राज्याचा पहिला कायदा १९८२ सालीच झाला होता. मात्र त्यात शहरांना इतकी मोकळीक होती की बहुतेक शहरांनी विशेष परवानगी, सार्वजनिक सुनावणी, मोठ्या प्लॉटची अट अशी कुंपणे घातली. सुनावणीत शेजाऱ्याने पार्किंगचा किंवा "परिसराच्या स्वरूपाचा" मुद्दा काढला की प्रकरण बारगळत असे. २००२ साली राज्याने कायदा बदलला आणि सुनावणीशिवाय, केवळ नियम तपासून परवाना द्यावा असे सांगितले. तरीही अटी ठरवणे शहरांच्याच हाती राहिल्यामुळे फारसा फरक पडला नाही. शेवटी २०१६ साली दोन कायदे आणि २०१९ साली आणखी तीन कायदे करून राज्याने या अटींनाच मर्यादा घातल्या. १ जानेवारी २०२० पासून परिपूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय देणे शहरांवर बंधनकारक झाले. शहराचे बांधकाम-आच्छादनाचे, मोकळ्या जागेचे किंवा एफएसआयचे (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम चालते त्याचे) नियम काहीही असोत, मागून आणि बाजूंनी चार फूट अंतर सोडलेले आठशे चौरस फुटांचे घर त्या नियमांचा आधार घेऊन अडवता येत नाही. अर्ज नियमात बसतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो. बसत असेल तर परवाना हा मालकाचा हक्क ठरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना याची एका अर्थाने ओळख आहे. तिथेही नगरपालिका, महानगरपालिका आणि प्रादेशिक योजनांच्या वेगवेगळ्या नियमावल्या होत्या आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई व काही विशिष्ट क्षेत्रे वगळून उरलेल्या महाराष्ट्रासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू केली. बाबांनी कराडच्या घराचा वरचा मजला बांधला तेव्हा त्यांनी जुन्या नियमांखाली सामासिक अंतरांसाठी, म्हणजे प्लॉटची हद्द आणि भिंत यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेसाठी, पुष्कळ खेटे घातले होते. त्यामुळे मी त्यांना इथल्या "सेटबॅक"चा अर्थ समजावू लागले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून, "म्हणजे सामासिक अंतर," असे सांगितले. तो शब्द मी नंतर माझ्या वहीत सर्वत्र वापरला.

आता क्षेत्रफळाकडे वळते, कारण त्यातही एक अन्याय दडलेला आहे आणि तो सहज दिसत नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये मर्यादा अशी आहे की एडीयू मूळ घराच्या पाऊणपट किंवा आठशे चौरस फूट, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे मामेभावाच्या राज्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून एकल-कुटुंब क्षेत्रात एडीयू हक्काने बांधता येऊ लागले, आणि तिथे मर्यादा आहे मूळ घराच्या निम्मे किंवा नऊशे चौरस फूट, यांपैकी जे कमी असेल ते. ऐकताना नऊशे हा आकडा आठशेपेक्षा मोठा वाटतो. पण समजा मूळ घर हजार चौरस फुटांचे आहे. पोर्टलंडमध्ये साडेसातशे मिळतात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये पाचशे. आमचे १,२५० चौरस फुटांचे घर उचलून तिकडे नेले तर पोर्टलंडमध्ये पूर्ण आठशे मिळतील, मॅसॅच्युसेट्समध्ये सव्वासहाशे. नऊशेचा आकडा गाठायचा तर मूळ घर अठराशे चौरस फुटांचे असावे लागते. म्हणजे ज्यांचे घर आधीच लहान आहे, ज्यांना आई-वडिलांसाठी घरात खोली काढता येत नाही, त्यांनाच कमी जागा मिळते. कॅलिफोर्नियातही मूळ घराला जोडून बांधलेल्या एडीयूसाठी निम्म्याची मर्यादा आहे, पण तिच्याखाली आठशेचा तळ पक्का बांधलेला आहे. आणि स्वतंत्र एडीयूसाठी शहराला एका बेडरूमपर्यंत किमान साडेआठशे आणि त्याहून अधिक बेडरूम असल्यास किमान हजार चौरस फुटांना वाव ठेवावाच लागतो. प्रमाणावर आधारलेली मर्यादा ठेवायचीच असेल तर तिला असा तळ असला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सिॲटलने उलट्या बाजूने विचार केला आहे आणि तो मला फार आवडला. तिथे घराच्या आतले दुय्यम बिऱ्हाड १९९४ पासून चालत होते. परसातले स्वतंत्र घर आधी २००६ साली शहराच्या आग्नेय भागात आणि २०१० पासून सर्व शहरात बांधता येऊ लागले. पुढची मोठी सुधारणा मात्र एका परिसर-संघटनेने अपील केल्यामुळे काही वर्षे अडकली, शहराला संपूर्ण पर्यावरणीय परिणाम अहवाल करावा लागला, आणि जुलै २०१९ मध्ये अखेर ती मंजूर झाली. त्या सुधारणेने एका प्लॉटवर दोन एडीयू, प्रत्येकी हजार चौरस फुटांपर्यंत, आणि स्वतंत्र एडीयूसाठी प्लॉटचे किमान क्षेत्र ३,२०० चौरस फूट असे ठरवले. त्याच वेळी नव्या मुख्य घरावर मात्र बंधन घातले: प्लॉटच्या निम्मे किंवा अडीच हजार चौरस फूट, यांपैकी जे जास्त असेल तेवढेच. जुने छोटे घर पाडून संपूर्ण प्लॉटवर एकच प्रचंड घर उभे करण्याचा मोह कमी व्हावा आणि तीच जागा दुसऱ्या-तिसऱ्या बिऱ्हाडाला मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. बहिणीने मला हा नियम फोनवर वाचून दाखवला तेव्हा, शहराला काय हवे आहे हे नियमाच्या भाषेतून इतके स्पष्ट क्वचितच ऐकू येते, असे मला वाटले.

तलाव ओलांडून बेलव्ह्यूला गेले की चित्र पालटत असे. तिथे अनेक वर्षे फक्त मूळ घराला जोडलेलेच एडीयू मान्य होते; परसात वेगळे घर बांधता येत नव्हते. दिराने तीन वर्षांपूर्वी चौकशी केली तेव्हा त्याला हेच उत्तर मिळाले, आणि बहिणीच्या घरापासून वीस मिनिटांवर राहून तो तिच्यासारखे घर बांधू शकला नाही. २०२३ साली वॉशिंग्टन राज्याने, ज्यात सिॲटल आणि बेलव्ह्यू दोन्ही येतात, कायदा करून नागरी वाढीच्या हद्दीतल्या शहरांना प्रत्येक निवासी प्लॉटवर दोन एडीयू, किमान हजार चौरस फुटांपर्यंतचा आकार आणि चोवीस फूट उंची मान्य करणे भाग पाडले. सिॲटलच्या आसपासच्या शहरांना हे बदल २०२५ च्या मध्यापर्यंत करायचे होते. तलावाच्या दोन काठांवरचा फरक असा राज्याच्या एका कायद्याने बराचसा पुसला. स्थानिक स्वायत्तता मला प्रिय आहे, पण या विषयात मी राज्याच्या बाजूने आहे, कारण ज्यांना अजून त्या गावात राहायलाच मिळालेले नाही त्यांचे मत गावच्या सुनावणीत कधीच नोंदले जात नाही.

यानंतर येतात चार फूट, ज्यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. राज्याचा कायदा मागून आणि बाजूंनी चार फुटांपेक्षा जास्त सामासिक अंतर मागू देत नाही, हे वाचून आम्ही निर्धास्त झालो होतो. पस्तीस फुटांतून मागचे चार वजा केले, पंचवीस फूट खोलीचे आणि एकोणतीस फूट लांबीचे, म्हणजे ७२५ चौरस फुटांचे घर आखले, आणि मूळ घर व नवे घर यांच्यामध्ये सहा फुटांची वाट उरली. डिझायनरने नकाशे काढून दिले आणि आम्ही त्यांचे पैसेही दिले. मग एका रात्री मी घर घेतानाची जुनी फाइल काढून मालकी हक्काचा अहवाल पुन्हा वाचला आणि त्यात मागच्या हद्दीलगत दहा फुटांची पट्टी सार्वजनिक सेवांसाठी राखीव असल्याचे दिसले. वीज आणि टेलिफोनच्या तारा तिथूनच जातात. खांब शेजारच्या परसात असल्यामुळे आमच्या कधी लक्षात आले नव्हते. सामासिक अंतर हा शहराचा नियम आहे आणि राज्य तो शिथिल करू शकते; सेवापट्टी हा मालमत्तेवर नोंदलेला दुसऱ्याचा हक्क आहे आणि एडीयूचा कायदा त्याला हात लावत नाही. डिझायनरने हा अहवाल आमच्याकडे मागितलाच नव्हता. तो त्यांनी मागायला हवा होता याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि मीही तो आधी वाचायला हवा होता. दोन महिने आणि नकाशांचे पैसे गेले.

पस्तीसमधून दहा गेले की पंचवीस उरतात, आणि पंचवीस फूट खोलीचे घर त्यात बसत नाही. म्हणून आम्ही घर आडवे केले. प्लॉटची रुंदी साठ फूट. दोन्ही बाजूंचे चार-चार फूट सोडून बावन्न फूट मिळतात. एकोणीस फूट खोल आणि एकोणचाळीस फूट लांब असे घर आखले तर ७४१ चौरस फूट होतात, मागे दहा फूट मोकळे राहतात आणि मधली सहा फुटांची वाटही शाबूत राहते. घर रेल्वेच्या डब्यासारखे लांबट झाले आहे, पण प्रत्येक खोलीला दक्षिणेचे ऊन मिळते आहे, आणि बाबा त्यावर समाधानी आहेत. मागची दहा फुटांची पट्टी त्यांनी मेथी आणि कोथिंबिरीसाठी मनातल्या मनात वाटूनही टाकली आहे.

चार फुटांचा आणखी एक पदर आहे. क्षेत्रविभागणीचा नियम चार फुटांवर भिंत मान्य करतो, परंतु इमारत संहिता वेगळी असते आणि ती राज्यभर लागू असते. हद्दीपासून पाच फुटांच्या आत येणारी बाहेरची भिंत, घरात अग्निशामक फवारे नसतील तर, एक तास आग थोपवणारी असावी लागते आणि त्या भिंतीतल्या खिडक्या-दारांचे क्षेत्र मर्यादित ठेवावे लागते. म्हणजे चार फुटांवर बांधायला परवानगी आहे, पण पाच फुटांवर बांधले तर भिंत साधी चालते आणि खिडकी हवी तेवढी मोठी घेता येते. आमच्या पूर्वेकडच्या भिंतीला आम्ही तो एक फूट देऊन टाकला. मूळ घरात फवारे बंधनकारक नसतील तर एडीयूमध्येही ते मागता येत नाहीत, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट आहे. नव्या स्वतंत्र एडीयूच्या छपरावर सौर पॅनेल मात्र सहसा बसवावेच लागतात. तो खर्च आम्ही सुरुवातीपासून धरला होता.

मामेभावाची अडचण मात्र कोणत्याही सामासिक अंतरापेक्षा खोल आहे, कारण ती जमिनीखाली आहे. त्याच्या गावात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नाही, प्रत्येक घराची स्वतःची सेप्टिक व्यवस्था आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तिची क्षमता बेडरूमच्या संख्येवरून ठरते. एका बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन धरतात. त्याची व्यवस्था तीन बेडरूमची आहे आणि घरात बेडरूमही तीनच आहेत. राज्याने त्याला एडीयूचा हक्क दिला, पार्किंगची मागणी एका गाडीपुरती मर्यादित केली, मालकाने तिथेच राहावे ही अट काढून टाकली. पण चौथ्या बेडरूमसाठी सेप्टिक वाढवायला त्याच्याकडे पुरेशी योग्य जमीन आहे की नाही, हे मातीच्या पाझर-चाचणीनंतरच समजेल. त्याने मामीला अजून काहीही सांगितलेले नाही.

मालकाच्या वास्तव्याची अट हा आमच्या घरच्या चर्चेत सर्वांत भावनिक झालेला विषय होता. प्रथमदर्शनी ती योग्य वाटते: मालक स्वतः तिथे राहत असेल तर परसातले घर नीट राहील, सट्टेबाज येणार नाहीत. सिॲटलमध्ये २०१९ पर्यंत मालकाने वर्षातले किमान सहा महिने त्या प्लॉटवर राहणे आवश्यक होते. पण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावे लागले, घटस्फोट झाला, आजारपणासाठी भारतात वर्षभर राहावे लागले, तर काय? मूळ घर भाड्याने देता येणार नाही आणि मागचे बांधलेले घर नियमबाह्य ठरेल. आयुष्यभराची बचत ज्या घरात घालायची त्यावर अशी टांगती तलवार असेल तर सावध माणूस बांधणारच नाही. ओरेगनने २०१९ साली ही अट घालण्यास शहरांना मनाई केली, वॉशिंग्टनने २०२३ साली. कॅलिफोर्नियाने २०२० पासून पाच वर्षांपुरती ती स्थगित केली होती आणि २०२३ च्या कायद्याने कायमची रद्द केली. मूळ घराच्या भिंतींच्या आतच बसवलेल्या, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या कनिष्ठ एडीयूला मात्र, त्याचे न्हाणीघर मुख्य घराशी सामायिक असेल तर, ती अट लागू राहते, आणि तिथे ती मला पटते, कारण ते मुळात एकच घर आहे.

पार्किंगविषयी फार लिहीत नाही. पोर्टलंड आणि सिॲटल ते मागत नाहीत. कॅलिफोर्नियात सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आत मागता येत नाही आणि गॅरेजचे एडीयू केले तर गेलेली जागा भरून द्यावी लागत नाही. सॅन होजेने तर डिसेंबर २०२२ मध्ये शहरभर किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली. बाबा गाडी चालवत नाहीत.

शुल्काचा मुद्दा मात्र अनेकांचे गणित बिघडवतो. कॅलिफोर्नियात ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर शहराला विकास-परिणाम शुल्क, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सुविधांवर येणाऱ्या भारापोटीचे शुल्क, आकारता येत नाही, आणि त्याहून मोठे असेल तर मूळ घराच्या प्रमाणातच आकारावे लागते. त्यामुळे इथल्या नकाशांत ७४९ हा आकडा वारंवार दिसतो. आमचे ७४१ याच कारणाने झाले. पश्चिमेकडे अजून फूटभर वाढवायला जागा होती, पण त्या फुटाने आम्ही रेषेपलीकडे गेलो असतो. शाळांसाठीचे शुल्क वेगळे असते आणि ते पाचशे चौरस फुटांच्या वर आकारता येते, हे आम्हाला शहराच्या परवाना कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने फार आस्थेने समजावून सांगितले. पोर्टलंडने २०१० मध्ये एडीयूवरील पायाभूत सुविधांचे शुल्क तात्पुरते माफ केले आणि त्यानंतर तिथे परवान्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०१८ मध्ये ही माफी कायम करताना शहराने बदल्यात दहा वर्षे ते घर पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने न देण्याची हमी मागितली. घरे राहण्यासाठी बांधली जावीत म्हणून शहर आपले उत्पन्न सोडते आणि त्याच हेतूचे वचन मागते, हा सौदा मला अत्यंत न्याय्य वाटतो. वॉशिंग्टनच्या कायद्याने शुल्क मूळ घराच्या निम्म्यापर्यंत मर्यादित केले आहे.

एक सूचना, विशेषतः नव्या वसाहतींत राहणाऱ्यांसाठी. शहराचा नियम वाचून थांबू नये, आपल्या घरमालक संघाची, म्हणजे वसाहतीचे खाजगी नियम चालवणाऱ्या संस्थेची, कागदपत्रेही वाचावीत. कॅलिफोर्नियात संघाने घातलेली एडीयूबंदी २०२० पासून निरर्थक ठरते. वॉशिंग्टनचा कायदा फक्त त्यानंतर नव्याने होणाऱ्या करारांना लागू होतो. जुन्या वसाहतीतली जुनी बंदी तशीच राहते, आणि दिराचे घोडे आता नेमके तिथे अडले आहे. ऑस्टिनने डिसेंबर २०२३ मध्ये एका प्लॉटवर तीन घरांना मान्यता दिली, तरी टेक्ससमध्ये वसाहतीचे खाजगी निर्बंध त्या मान्यतेहून प्रबळ ठरू शकतात.

एडीयू वेगळे विकता येते की नाही, हा प्रश्न आम्हाला सध्या पडलेला नाही, पण पुढच्या पिढीला पडेल. २०२३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने शहरांना तशी परवानगी देण्याची मुभा दिली आणि २०२४ मध्ये ती स्वीकारणारे सॅन होजे हे पहिले शहर ठरले. सिॲटलमध्ये बांधकाम व्यावसायिक अशी घरे आधीपासूनच मोठ्या प्रमाणावर विकत आहेत. बहिणीच्या गल्लीत एका जुन्या घराच्या जागी तीन घरे झाली आणि त्यांत तीन कुटुंबे राहायला आली. आईसाठी बांधायच्या घराचा कायदा बाजारासाठी वापरला जातो आहे, म्हणून काहींना वाईट वाटते. मला ती तीन कुटुंबे दिसतात.

तयार मंजूर नकाशांविषयीही विचारणा होते म्हणून सांगते. सांताक्रूझने या शतकाच्या सुरुवातीलाच असे नमुना नकाशे उपलब्ध करून दिले होते, सिॲटलने २०२० मध्ये, आणि कॅलिफोर्नियातल्या सर्व शहरांना २०२५ च्या प्रारंभापर्यंत अशी योजना सुरू करणे बंधनकारक झाले. मंजूर नकाशा वापरला तर निर्णय तीस दिवसांत द्यावा लागतो. ज्यांचा प्लॉट सरळ, सपाट आणि सेवापट्टीविना आहे त्यांनी तोच मार्ग धरावा. आमच्या एकोणीस फुटांत कोणताही तयार नकाशा बसला नाही.

शेवटची अडचण कोणत्याच नियमावलीच्या तुलनेत सापडणारी नव्हती. सांडपाण्याच्या नळाला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. नव्या घराच्या मागच्या कोपऱ्यातल्या न्हाणीघरापासून अंगणासमोरच्या तपासणी-झाकणापर्यंत सत्तर फूट होत होते, म्हणजे साडेसतरा इंच उतार. प्लंबरने झाकण उघडून आत पट्टी घातली तेव्हा नळ चौतीस इंचांवर लागला. जमिनीचा चढ आणि पायाची जाडी धरून हिशेब जेमतेम बसत होता, म्हणून त्याने न्हाणीघर रस्त्याकडच्या पूर्व कोपऱ्यात आणायला सांगितले. त्यामुळे स्वयंपाकघर पश्चिमेला सरकले. नवा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा आईने चष्मा लावून ओट्याची रेघ शोधली, तिच्यावर बोट ठेवले आणि तिथून सरळ रेषेत बोट आमच्या खिडकीपर्यंत आणले.

अर्ज परिपूर्ण असल्याची नोंद १२ मे रोजी झाली. साठावा दिवस ११ जुलैला येतो. सुतळी अजून परसात बांधलेली आहे. बाबांनी खुंट्या नव्या मापाप्रमाणे हलवल्या आहेत आणि गवत कापताना मुले त्यांना वळसा घालून जातात.